‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी बोर्ड काय सांगतो ते पाहा

आंबा घाटाकडून पावसाची झड सुरू झाली, की मलकापूर परिसरात कॉम्प्युटर बंद पडण्याचे प्रमाण वाढते. दमट हवा, ये-जा करणारी लाईट, कमी-जास्त होणारा दाब आणि कधी कधी डब्यात शिरलेली पाल, यांपैकी काहीही कारण असू शकते. शाहूवाडी तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवरून हे डबे पिशवीत घालून मलकापूरच्या बाजारात येतात. येथे जमले नाही, तर कोल्हापूर. म्हणजे पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर जाणे, तितकेच येणे आणि एक दिवस मोडणे. एवढे करून पुष्कळ वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते, ‘बोर्ड गेलाय’.

बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क असे सारे भाग ज्या पाटीवर बसतात ती पाटी. ती बदलायची म्हटली की पुष्कळदा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते, कारण जुन्या मापाची पाटी बाजारात मिळत नाही. दोन-तीन हजारांचे काम दहा-बारा हजारांवर जाते. वास्तविक बोर्ड गेला की नाही, हे ठरवण्याची सोय त्या बोर्डातच केलेली असते. सुरू होताना आपले काम कुठे अडले, हे तो दिव्याने, आवाजाने किंवा दोन आकड्यांनी सांगत असतो.

आपल्या भागाला कॉम्प्युटर काही नवा नाही. शेजारच्या पन्हाळा तालुक्यात वारणानगरला १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावांचा त्यात समावेश झाला. उसाची नोंद, वजन, बिल हे सारे गावातच कळावे हा हेतू. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी यातील सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. कॉम्प्युटरचे काम मोबाईलच्या एसएमएसवर आणले, आणि ते कमी खर्चाचे व शेतकऱ्यांना अधिक सोयीचे ठरले. यंत्र गावात आणणे सोपे, ते चालते ठेवणे अवघड, हे त्यातून दिसले.

आता मोबाईल घरोघरी आहे. तरीही ग्रामपंचायतीचे दाखले, सेवा सोसायटीचे हिशेब, दूध संस्थेची बिले आणि ‘आपले सरकार’ केंद्रावरचे अर्ज कॉम्प्युटरवरच होतात. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, त्याची प्रतही बहुतेक जण केंद्रावरूनच काढतात. पीककर्जाच्या मुदतीच्या आठवड्यात डबा गप झाला, तर ओळीत उभ्या असलेल्या माणसाचा खाडा होतो. त्यातही गावातले पुष्कळसे डबे कंपनीचे नसतात. भाग सुटे आणून गावच्याच एखाद्या पोराने जोडलेले असतात. हे चांगलेच आहे, त्यात पैसे वाचतात. पण अशा डब्याला फोन करून बोलवावा असा कंपनीचा माणूस नसतो. लक्षणे आपणच वाचायला हवीत.

मोटरचे शहाणपण इथेही लागू

विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही, तर कोणी शेतकरी ती लगेच उपसून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटर फिरते आणि पाणी नाही, तर फूटव्हॉल्व किंवा पाईपने धरलेली हवा. कुठवर काम झाले आणि कुठे थांबले, यावरून तो दोष हुडकतो. कॉम्प्युटरचेही तसेच आहे.

बटण दाबले की आधी एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा, सर्व दाब बरोबर असल्याचा इशारा देतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच्या बायॉस नावाच्या चिपमधला कार्यक्रम वाचू लागतो. तो कार्यक्रम रॅम तपासतो, मग चित्र दाखवणारा भाग, मग कीबोर्ड, हार्डडिस्क, आणि शेवटी विंडोजच्या हाती कारभार देतो. या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. टपालाशी त्याचा संबंध नाही. सुरू होतानाची स्वतःची तपासणी एवढाच त्याचा अर्थ. १९८४ साली आयबीएमच्या एटी कॉम्प्युटरपासून एक पद्धत पडली. प्रत्येक टप्प्याला बायॉस एक आकडा ठरावीक जागी लिहितो. काम अडले की शेवटचा आकडा तसाच राहतो. तोच आपण वाचायचा.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा आकडा अडलेला टप्पा दाखवतो, बिघडलेला भाग नव्हे. मैलाचा दगड गाडी कुठे थांबली ते सांगतो. डिझेल संपले की टायर बसला, ते उतरून पाहावे लागते. हा फरक न कळल्यामुळेच चांगल्या रॅम फेकल्या जातात.

चार दिवे

अलीकडच्या पुष्कळ बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात. त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे इंग्रजीत छापलेले असते. सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागून राहील, तिथे काम अडले.

आपल्याकडे सगळ्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात, त्यामुळे हा दिवा लागला की ‘पूर्ण डबाच गेला’ असा समज होतो. बोर्डाच्या भाषेत सीपीयू म्हणजे फक्त प्रोसेसर. आणि घरी जोडलेल्या डब्यात हा दिवा लागण्याचे एक अगदी साधे कारण असते. प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ टाचण्यांची वेगळी वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लावावी लागते, ती लावायचीच राहून जाते किंवा अर्धी बसलेली असते. पंखे फिरतात, दिवे लागतात, काम मात्र काही नाही.

डीरॅमचा दिवा पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसतो. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर पापुद्रा धरतो. वीज काढून रॅम बाहेर घ्यावी, पट्टी स्वच्छ खोडरबराने हलकेच घासावी, कचरा झटकावा आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवावी. दोन रॅम असतील तर एकच लावून पाहावी, मग दुसरी. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांत एकटी रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत बसवायची असते, पहिल्या नव्हे. नवीन डीडीआर-५ रॅमचा डबा पहिल्यांदा सुरू करताना हा दिवा काही मिनिटे लागून राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाई करून बटण दाबू नये. भाताची शिटी व्हायच्या आत कुकर उघडण्यासारखे ते आहे.

व्हीजीएचा दिवा म्हणजे चित्राची वाट अडली. आधी मॉनिटरची वायर पाहावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर वायर त्या कार्डालाच हवी, बोर्डाला नव्हे. शिवाय इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असते, त्यात चित्र दाखवण्याची सोयच नसते. स्वस्त पडतो म्हणून तो आणला आणि कार्ड घेतले नाही, तर पडदा काळाच राहणार. त्यात दोष कोणाचा नाही, खरेदीचा आहे. बूटचा दिवा राहिला तर हार्डडिस्क सापडत नाही किंवा तिच्यावर विंडोज नाही. लावून विसरलेला पेनड्राइव्हही आडवा येतो, तो आधी काढावा.

दोन आकडे आणि शिट्ट्या

महागड्या बोर्डांवर दिव्यांऐवजी दोन आकडे दाखवणारी छोटी खिडकी असते. जुन्या बोर्डांसाठी ‘डीबग कार्ड’ नावाची पट्टी मिळते, काही शे रुपयांत. ती पीसीआय खाचेत लावली की तेच आकडे दिसतात. नव्या बोर्डांत ती जुनी खाच नसते, त्यामुळे घेण्याआधी आपला बोर्ड पाहावा. पंचक्रोशीत एखाद्या केंद्रचालकाने असे कार्ड ठेवले, तर चार गावांचे काम भागेल.

हे आकडे आपल्या नेहमीच्या मोजणीचे नसतात. ० ते ९ नंतर ए ते एफ अशी सहा अक्षरे येतात. खिडकीत बी आणि ६ सारखेच दिसतात. ६ ला वर आडवी रेघ असते, बीला नसते. डबा उलटा ठेवून वाचला तर ६२ चे २९ होतात. म्हणून बोर्डावरची अक्षरे सुलट दिसतील असा डबा फिरवूनच वाचावे.

आज अनेक बोर्डांवर एएमआय कंपनीचा बायॉस असतो. त्यात ५५ म्हणजे रॅम सापडली नाही. ५० ते ५३ हे आकडे रॅमचा प्रकार, वेग किंवा माप जुळत नसल्याचे. डी६ आले तर चित्र दाखवणारा भाग नाही. ए२ वर अडले तर डिस्क. तिच्या वायरी एकेक काढून पाहाव्यात. काही बोर्डांवर विंडोज सुरू झाल्यावर एए दिसत राहते. ते चांगले लक्षण आहे, घाबरू नये.

५५ चे उदाहरण घेऊ. रॅम घासली, बदलली, तरी ५५ हटत नाही. अशा वेळी ‘खाच गेली, बोर्ड टाका’ असे म्हटले जाते. पण हल्लीच्या यंत्रात रॅम सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसर नीट बसला नसेल, इंटेलच्या बोर्डातील एखादी बारीक टाचणी वाकली असेल किंवा वरचा पंखा एका बाजूने जादा आवळला असेल, तरी रॅम दिसत नाही. चारही स्क्रू आलटून पालटून सारखे आवळावेत, बैलगाडीच्या धावेचे खिळे ठोकतात तसे.

आणि आकड्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. जुन्या अवॉर्ड बायॉसमध्ये एफएफ म्हणजे तपासणी पार पडली, आता विंडोजची पाळी. पण डीबग कार्डावर सुरुवातीपासूनच एफएफ किंवा ०० दिसत राहिले आणि एकदाही बदलले नाही, तर बोर्डाने आकडा पाठवलाच नाही, प्रोसेसरने काम सुरूच केलेले नाही. एकच खूण, अर्थ दोन टोकांचे. कार्डासोबत येणाऱ्या पुस्तिकेवर विसंबण्यापेक्षा आपल्या बोर्डाच्या माहितीपत्रकातला तक्ता पाहावा. बोर्डाचे नाव त्याच्यावरच ठळक छापलेले असते.

ज्या बोर्डाला दिवे नाहीत, खिडकी नाही, त्याला आवाज असतो. पण नव्या डब्यात स्पीकरच जोडलेला नसतो. चार टाचण्यांवर बसणारा छोटा स्पीकर थोड्या पैशांत मिळतो. एक आखूड शिट्टी म्हणजे सर्व ठीक. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे चित्राचा दोष. जुन्या एएमआयमध्ये तीन शिट्ट्या रॅमच्या, आठ चित्राच्या. कुकर नव्हे, पण मोजायच्या तशाच.

हात घालण्याआधी

प्लग काढल्याशिवाय डबा उघडू नये. उघडल्यावर आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब काही काळ राहतो. बोर्डाखाली पितळी उंचवटे बसवले आहेत का ते पाहावे, नाहीतर पाठीमागची टाके पत्र्याला टेकून शॉर्ट होते. २००० सालाच्या आगेमागे बनलेल्या बोर्डांत कपॅसिटर फुगण्याची साथच आली होती. तसे टोक फुगलेले दिसले, तर मात्र बोर्डाचा दोष खराच.

बोर्डावर रुपयाएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. तो संपला की तारीख मागे जाते आणि सरकारी संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. केंद्रावर याला ‘सर्व्हर डाऊन’ समजून दिवसभर वाट पाहिली जाते. तारीख आधी बघावी.

डबा दुरुस्तीला न्यावाच लागला, तर आकड्याचा किंवा लागलेल्या दिव्याचा मोबाईलवर फोटो काढून न्यावा. ‘५५ वर थांबतोय, दोन रॅम बदलून पाहिल्या’ एवढे सांगितले, की दुकानदारही वेगळ्या तऱ्हेने बोलतो. कार्यालयाच्या डब्याची हार्डडिस्क काढून कपाटात ठेवावी. बोर्ड गेला म्हणून डिस्कवरचे दप्तर जात नाही, ती दुसऱ्या डब्यात चालते. फक्त विंडोजने डिस्कला कुलूप घातलेले असेल, तर नव्या बोर्डावर ती ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली डबा चालू असतानाच काढून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत चिकटवून ठेवावी.