आखडलेली पाठ आणि चिनी दगड

सभासद बंधु-भगिनींनो,

लागणीच्या दिवसांत बांधावर बसलं की उसाच्या आधी पाठीचीच चौकशी निघते. दिवसभर वाकून कांड्या दाबायच्या, रात्री दारं धरायची. मग मान आखडते, खांदा भरून येतो. अलीकडे घरातली मुलं बाजारातून एक गुळगुळीत चपटा दगड आणतात आणि विचारतात, "साहेब, याचा खरंच गुण येतो का?" म्हणून या अंकात खतपाण्याऐवजी या दगडाविषयी लिहितो.

या पद्धतीचं नाव 'गुआ शा'. मूळ चीनमधलं. 'गुआ' म्हणजे खरवडणे, 'शा' म्हणजे त्यामुळे कातडीवर उठणारे लाल ठिपके. तिकडे दगड, म्हशीचं शिंग, चिनी मातीचा चमचाही चालतो. आपल्याकडे तळपायाला काशाची वाटी घासतात, ती याच भावकीतली म्हणायची.

सन २००७ मध्ये ११ निरोगी माणसांवर झालेल्या पाहणीत घासलेल्या जागी कातडीतला रक्तप्रवाह पहिली काही मिनिटे चौपट झालेला दिसला. सन २०११ मध्ये जुनाट मानदुखीच्या ४८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठवड्यानंतर शेकापेक्षा याने जास्त आराम पडला. पाहण्या लहान आहेत. आखडलेलं अंग मोकळं व्हायला मदत होते, एवढंच यावरून म्हणावं.

करायचं असेल तर आधी खोबरेल तेल लावावं. दगड तिरपा धरून हलक्या हाताने एकाच दिशेने आठ-दहा वेळा ओढावा. मणक्याच्या हाडावर, जखमेवर, फुगलेल्या शिरांवर घासू नये. नंतर दगड साबणाने धुवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा प्रयोग करूच नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पायावर दगड नको आणि वाटीही नको. जखम झालेली कळत नाही.

लाल ठिपके म्हणजे 'विष बाहेर पडलं' असं कोणी सांगेल. ते विष नव्हे. बारीक रक्तवाहिन्या फुटून कातडीखाली रक्त उतरतं आणि काही दिवसांत विरतं. वाटीखालचं काळं तूपही अंगातली उष्णता नव्हे. काशाचा तुपाशी आणि घामाशी संबंध येऊन तो रंग येतो. तेव्हा ठिपके उठवण्यासाठी जोर काढू नका.

एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या चुलत्यांचा डावा खांदा दुखायला लागला. मोळ्या उचलून भरला असेल म्हणून दोन रात्री घरीच तेल लावून चोळलं. तिसऱ्या दिवशी दरदरून घाम फुटला, तेव्हा दवाखान्यात नेलं. हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, पण पुन्हा मोळी उचलणं झालं नाही. चोळणारा मीच होतो.

म्हणून छातीत दाब, डाव्या हाताला कळ, दम लागणे, एकाच पोटरीला सूज, पायात मुंग्या येऊन बळ जाणे, यांतलं काहीही दिसलं तर दगड बाजूला ठेवा आणि तडक डॉक्टर गाठा. ऊस पिवळा पडला तर आपण मुळाशी उकरून बघतो. अंगाच्या बाबतीतही तेवढी तसदी घ्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी