कपाटातून हार्ड डिस्कवर: कव्हरांची दोन दशकं

मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली आणि आमच्या औरंगाबादेत (शहराचं नाव तेव्हा तेच होतं) सिनेमा विकत घेणं मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आलं. गुलमंडी, पैठण गेट, जुना माल हवा असेल तर जाफर गेटचा रविवार बाजार. कपाट भरत गेलं. नाव न वाचता, कव्हरच्या नुसत्या रंगावरून हात बरोबर डबीवर जायचा.

पुढे तबकड्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि ही ओळखच गेली. पडद्यावर उरल्या पिवळ्या फोल्डरच्या रांगा. विंडोज एक्सपीत फोल्डरमध्ये ‘फोल्डर डॉट जेपीजी’ नावाचं चित्र ठेवलं की ते वर दिसे, त्यावर काही वर्षं निभावलं. मग एक्सबीएमसी आलं, २०१४ पासून ज्याला कोडी म्हणतात. फाइलचं नाव वाचायचं आणि टीएमडीबीसारख्या माहितीकोशातून पोस्टर आपोआप आणायचं, हे त्याचं काम. इंग्रजी सिनेमांची भिंत एका रात्रीत सजली. मराठीची मात्र रिकामी चौकटच जास्त.

कारणं साधी होती. ‘अशी ही बनवाबनवी’ रोमन लिपीत लिहायचं तर दहा जण दहा तऱ्हेने लिहितात. व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन तबकड्या, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक भागाला वेगळा सिनेमा समजे. प्रभातच्या १९३७ च्या ‘कुंकू’वर ‘दुनिया ना माने’चं पोस्टर चढलं, कारण दोन्ही भाषांतला सिनेमा एकच, नायिकाही त्याच शांता आपटे. २०२३ मध्ये नवा ‘श्यामची आई’ आल्यावर अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाला त्याचं पोस्टर मिळू लागलं. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेल्या सिनेमाला दुसऱ्याच सिनेमाचा चेहरा! नावापुढे कंसात वर्ष लिहिण्याची शिस्त तेव्हापासून कडक पाळली.

उरलेल्यांसाठी स्कॅनर. छापील कव्हर जवळून पाहिलं तर शाईच्या ठिपक्यांचं असतं. तसंच स्कॅन केलं तर चित्रावर जाळीदार नक्षी उमटते. म्हणून ६०० डीपीआयवर स्कॅन करायचं, डीस्क्रीन लावायचं आणि मग आकार कमी करायचा. खरी अडचण आकाराची. माहितीकोशाला हवं दोनास तीन प्रमाणातलं उभं पोस्टर, आणि व्हीसीडीचं कव्हर जवळपास बारा सेंटीमीटरचा चौकोन. कापलं तर एखाद्या कलाकाराचं डोकं जातं, नाही तर देवनागरी शीर्षक. मी कापणं सोडून दिलं. चौकोन पूर्ण ठेवून वर-खाली त्याच रंगाची पट्टी जोडतो.

मूळ पोस्टर मिळालं तर डबीचं कव्हर टाकून द्यावं, असं काही संग्राहक म्हणतात. मला ते पटत नाही. मूळ पोस्टरची थोरवी मान्यच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘कल्याण खजिना’साठी १९२४ मध्ये केलेलं पोस्टर भारतात टिकून राहिलेलं सर्वांत जुनं मानलं जातं. पण व्हीसीडीचं कव्हर वेगळी गोष्ट सांगतं: सिनेमा पुन्हा कोणी विकला, किती किमतीला, कोणता चेहरा पुढे करून. म्हणून फोल्डरमध्ये दोन्ही असतात. मूळ पोस्टर पडद्यावर, डबीचं कव्हर मागच्या बाजूसकट त्याच्या शेजारी.

घरातल्या वडीलधाऱ्यांना या मेहनतीचा सर्वांत जास्त उपयोग झाला. रिमोटवर एकेक अक्षर शोधत नाव टाइप करणं त्यांना जमत नाही. चित्र दिसलं की ‘पिंजरा’ लगेच सापडतो.

सध्या नाटकं आणि कीर्तनांच्या तबकड्या हाती घेतल्या आहेत. त्यांची नोंद मला माहितीकोशांत क्वचितच सापडते. बहुतेकांचं डबीतला कागद हेच एकमेव चित्र. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या कागदांवरचा लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, म्हणून खिडकीजवळच्या कप्प्यापासून सुरुवात केली आहे.