नवी नौका आणि तिच्यावरची माणसे

नौका पाण्यात उतरली म्हणजे समुद्राला तयार झाली, असे नव्हे. रॉबर्ट बीबी यांची सिंगापुरात बांधलेली ‘पॅसेजमेकर’ ही मोटारनौका १९६३ साली थेट ग्रीसपर्यंत गेली. अशा लांब पल्ल्यासाठी आधी किनाऱ्याजवळ चाचणी घ्यावी. कोणत्या वेगाला किती तेल जळते ते मोजावे. वेग थोडा वाढला तरी तेल फार वाढते. गाळण्या, पट्टे, पंपांचे सुटे भाग बरोबर घ्यावेत. भर समुद्रात दुकान नसते.

आम्ही कामगार चळवळीतले. आम्ही आणखी एक विचारतो, झोपेचे काय? २००६ च्या सागरी श्रम कराराने धंद्याच्या जहाजांसाठी दिवसाला किमान १० तास विश्रांतीचे माप दिले. खासगी हौशी नौका त्यातून सुटल्या. इंजिन रात्रंदिवस चालेल, माणूस चालणार नाही. म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या निघण्यापूर्वीच ठरवाव्यात.