पाऊस किती, यापेक्षा बर्फ कुठून

कॅलिफोर्नियात हिवाळी वादळ आलं की बातम्या पावसाचे इंच मोजतात. पुराचा अंदाज घ्यायचा तर मला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो: सिएरा नेवाडा पर्वतात कोणत्या उंचीपासून बर्फ पडतोय? पॅसिफिकवरून सोसाट्याच्या वाऱ्याने आलेली दमट हवा पश्चिम उतारावर चढते, थंडावते आणि पाणी सोडते. बर्फ पडला तर ते पाणी डोंगरावरच थांबतं, पाऊस पडला तर काही तासांत नदीत येतं. हवा एका अंशाने उबदार असली तरी बर्फ जिथून सुरू होतो ती रेषा साधारण दीडशे मीटर वर सरकते, म्हणजे तेवढ्या पट्ट्यातला बर्फ पाऊस होऊन उतरतो. १९९७च्या नववर्षाचं वादळ हवाईकडून आलेलं, उबदार होतं. डिसेंबरात साचलेल्या बर्फावर पाऊस कोसळला आणि योसेमिटी दरीत पाणी शिरलं.

बर्फ शेवटी वितळतोच, मग फरक काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. २०२३च्या एप्रिलारंभी सिएरातला बर्फ सरासरीच्या दुपटीहून जास्त होता, आणि शेतीसाठी कधीच आटवलेलं तुलारे सरोवर त्या वर्षी शेतांवर पुन्हा पसरलं. पण वितळलेलं पाणी आठवडेच्या आठवडे उतरत राहिलं, त्यामुळे सरोवराकाठच्या कोर्कोरन गावाभोवतीचा मातीचा बांध उंच करायला वेळ मिळाला.