हसतमुख गव्हर्नर

युद्धात सेनापतींची नावे गाजतात, राष्ट्रप्रमुखांची गाजतात. एखाद्या प्रांताच्या कारभाऱ्याचे नाव देशभर व्हावे, असे क्वचितच घडते. २०२२ साली युक्रेनमध्ये ते घडले. त्या कारभाऱ्याचे नाव व्हिताली किम.

किम हे मिकोलाईव्ह प्रांताचे गव्हर्नर. गव्हर्नर म्हटल्यावर आपल्याकडील राज्यपाल डोळ्यांपुढे आणू नये. युक्रेनमध्ये प्रांताचा गव्हर्नर निवडून येत नाही. राष्ट्राध्यक्ष त्याची नेमणूक करतात आणि प्रत्यक्ष प्रशासन त्याच्या हाती असते. किम यांना झेलेन्स्की यांनी २०२० च्या नोव्हेंबरात नेमले. त्यांचा जन्म मिकोलाईव्हचाच, १९८१ चा. वडिलांकडून वंश कोरियन. स्टालिनने १९३७ साली सोव्हिएत अतिपूर्वेतील सुमारे पावणेदोन लाख कोरियन लोकांना मध्य आशियात हलविले होते. त्या समाजाचे वंशज पुढे युक्रेनमध्येही स्थायिक झाले.

मिकोलाईव्ह हे जहाजबांधणीचे शहर. पूर्वेला खेरसन, पश्चिमेला ओडेसा. मार्च २०२२ च्या प्रारंभी खेरसन रशियाच्या ताब्यात गेले. मिकोलाईव्ह पडले असते, तर ओडेसाचा रस्ता मोकळा झाला असता. अशा वेळी किम रोज टेलिग्रामवर एक छोटी चित्रफीत टाकू लागले. भाषण नाही, आवेश नाही. चेहऱ्यावर हसू, संध्याकाळचा साधा नमस्कार आणि मग कामाचे बोलणे. जुने टायर चौकात आणून ठेवा, असेही त्यांनी लोकांना सांगितले. रणगाडे आले, तर ते पेटवून धूर करता यावा हा हेतू. पाहणाऱ्यांची संख्या काही लाखांवर गेली.

या लोकप्रियतेचे मर्म कशात आहे? केवळ विनोदात नाही, असे मला वाटते. भेदरलेल्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात : काय चालले आहे ते कळावे आणि आपल्याला काही करता यावे. बातमी मिळाली नाही की अफवा तिची जागा घेते. किम यांचे हसू शूरपणाचा देखावा नव्हते; ‘मी इथेच आहे’ एवढेच ते सांगत होते.

या हसण्याची किंमत लवकरच कळली. २९ मार्च २०२२ रोजी सकाळी त्यांच्या कार्यालयाच्या इमारतीवर क्षेपणास्त्र आदळले आणि ती मधोमध कोसळली. ३७ जण मृत्युमुखी पडले. किम त्या वेळी तेथे नव्हते. एप्रिलात नीपर नदीचे पाणी आणणारी जलवाहिनी निकामी झाली आणि शहराच्या नळांना पुढे खारट पाणी आले. हसून नळाला गोडे पाणी येत नाही!

लोकप्रियतेला दुसरी बाजूही असते. ऑगस्ट २०२२ मध्ये शत्रूला माहिती पुरविणाऱ्यांच्या शोधासाठी किम यांनी सबंध शहर काही दिवस बंद ठेवले. लाडक्या माणसाच्या हुकुमाला प्रश्न विचारणे जड जाते. म्हणूनच तो विचारला पाहिजे. निवडून न आलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत तर अधिकच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये युक्रेनने खेरसन परत घेतले आणि मिकोलाईव्हवरील तोफांचा मारा ओसरला. शहर टिकले ते सैनिकांमुळे आणि नागरिकांमुळे. परंतु पहिल्या भयंकर आठवड्यांत त्या नागरिकांचा धीर सुटू नये, यासाठी एका अधिकाऱ्याने रोज त्यांच्याशी माणसासारखे बोलणे चालू ठेवले. सरकारी भाषा म्हणजे कोरडे परिपत्रक, अशी समजूत असलेल्या आपणा सर्वांना यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.