जहाज कंपन्यांची बेटे आणि आपली सारासारबुद्धी

कंग्राळी काही समुद्रकाठचे गाव नव्हे. मार्कंडेय नदी, तिच्या काठची शेते आणि जवळच असलेले बेळगाव, असा येथील माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार. तथापि चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो, आणि गोव्याच्या बंदरातून जगाचा रस्ता सुरू होतो. आमच्या सीमाभागातील कित्येक तरुण आज जहाजांवर चाकरी करतात. कित्येकांच्या मुली परदेशी नांदत आहेत. यास्तव ‘क्रूझ’ हा शब्द आता आमच्या घरांना अपरिचित राहिलेला नाही. त्याच्या पाठोपाठ आणखी एक शब्द घरात शिरला आहे, तो म्हणजे जहाज कंपनीचे ‘खाजगी बेट’. या बेटांविषयी इंटरनेटवर जे वाचावयास मिळते, त्यावर किती विश्वास ठेवावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

ही बेटे आहेत तरी काय? नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने 1977 साली बहामा बेटांपैकी ग्रेट स्टिरप के हे बेट विकत घेतले, आणि या प्रथेचा आरंभ झाला. पुढे 1986 साली रॉयल कॅरिबियन कंपनीने हैती देशातील लाबादी ही जागा भाडेपट्ट्याने घेतली. 1997 मध्ये हॉलंड अमेरिका आणि 1998 मध्ये डिस्ने याच वाटेने गेल्या. यामागील व्यवहार उघड आहे. सामान्य बंदरात उतरलेला प्रवासी तेथील दुकानदाराला, टॅक्सीवाल्याला, खाणावळीला पैसे देतो. कंपनीच्या बेटावर मात्र त्याचा बहुतेक खर्च कंपनीकडेच परत येतो. शिवाय परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकन बंदरातून निघून तेथेच परतावयाचे असेल, तर मध्ये एखादे परदेशी बंदर गाठले पाहिजे, असा अमेरिकेचा 1886 चा कायदा आहे. फ्लोरिडापासून बहामा अगदी जवळ असल्याने ही अटही थोड्या इंधनात पुरी होते.

आता माहितीकडे वळू. पहिली अडचण नावापासूनच सुरू होते. लाबादीचे वर्णन पुष्कळ ठिकाणी ‘बेट’ म्हणून केलेले आढळते. वस्तुतः ते हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील भूशिर असून कुंपण घालून वेगळे केलेले आहे. प्रिन्सेस केज हे स्वतंत्र बेट नसून एल्युथेरा या वस्तीच्या बेटाचे दक्षिण टोक आहे. एमएससी कंपनीने 2019 साली खुले केलेले ओशन के तर समुद्रातील वाळू उपसण्याच्या उद्योगासाठी माणसाने घडविलेले बेट होय. नकाशात ज्याला लिटल स्टिरप के म्हणतात, तेच जाहिरातीत कोकोके होते. ‘खाजगी’ या शब्दानेही फसू नये. तेथे एकांत मिळतो असे नव्हे. एका दिवशी हजारो प्रवासी त्याच वाळूवर उतरतात.

दुसरी अडचण काळाची. समजा, कंग्राळीतील एखाद्या घरची लेक फ्लोरिडात आहे आणि तिने आईवडिलांसाठी कोकोकेची सहल ठरविली आहे. आईचे गुडघे दुखतात. हलत्या लाँचमध्ये उतरणे तिला झेपणारे नाही. एक लेख सांगतो की तेथे जहाज दूर नांगरते आणि प्रवाशांना लाँचने जावे लागते. दुसरा म्हणतो, थेट धक्क्यावर उतरता येते. दोन्ही लेखक प्रामाणिक असू शकतात! धक्का झाला तो 2019 च्या नूतनीकरणाच्या सुमारास; त्यापूर्वीचा लेख त्यापूर्वीचेच सांगणार. लाबादीचेही तसेच. हैतीतील अशांततेमुळे मार्च 2024 मध्ये तेथे जहाजे जाण्याचे थांबले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाले आणि एप्रिल 2025 मध्ये पुन्हा थांबले. लेखाखालील तारीख न पाहता वाचणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगावरून यंदाचा मुहूर्त काढणे होय.

तिसरी गोष्ट हेतूची. कंपनीच्या चित्रात पाण्याच्या उंच घसरगुंड्या दिसतात. कोकोके येथे साधे जेवण तिकिटात येते, परंतु त्या घसरगुंड्यांच्या उद्यानाचे शुल्क वेगळे द्यावे लागते. तिकीट विकणाऱ्या दलालास दलाली मिळते, तेव्हा तो उणिवा कशाला सांगेल? सहलीहून आलेला प्रवासी खरे सांगतो, पण ते त्याच्या एका दिवसापुरते. वारा जोराचा असला तर कप्तान बेटाला न लागता पुढे निघून जातो, आणि मार्ग बदलण्याचा हा अधिकार कंपनीने तिकिटाच्या अटींतच राखून ठेवलेला असतो. तेव्हा बेट निश्चित दिसेल असे वचन कोणीच देऊ शकत नाही.

दूर कशाला, आपल्याकडेही हेच घडते. जानेवारी 2024 मध्ये लक्षद्वीपची एकाएकी चर्चा झाली, तेव्हा मालदीवची छायाचित्रे लक्षद्वीप म्हणून हातोहात पसरली. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे जे जहाज मुंबईहून सहलींस निघू लागले, ते 1990 साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने मायामीहून बहामाच्या फेऱ्या करीत होते. त्याची जुनी चित्रे व जुनी वर्णने आजही सापडतात. ती नव्या मालकाच्या जहाजास लावली तर वाचकाची दिशाभूल होणारच.

मग करावे काय? आमच्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि चूक निघाल्यास जबाब कोण देणार? वेळापत्रक, शुल्क व धक्क्याची सोय यांबद्दल कंपनीलाच लेखी विचारावे. गर्दी, ऊन, चालण्याचे अंतर यांविषयी नुकत्याच जाऊन आलेल्या दोघातिघांचे ऐकावे. त्यांचे जेथे जुळेल ते धरावे.

हीच कसोटी नोकरीच्या जाहिरातीसही लावावी, कारण तेथे सुटीचा एक दिवस नव्हे, तर घरातील दागिने पणास लागतात. जहाजावरील अथवा बेटावरील नोकरीचे आमिष मोबाइलवर आले की तारुण्याला धीर धरवत नाही. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी दलालाचा परवाना क्रमांक मागावा आणि तो केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या यादीत पडताळून घ्यावा. खलाशास नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून फी घेण्यास आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने मनाई केली आहे, आणि भारताने तो करार 2015 साली स्वीकारला आहे. यास्तव जो आधी पैसे मागतो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

छापलेला शब्द खराच असतो, असे आमच्या वाडवडिलांना वाटे. त्या काळी छापणाऱ्याचे नाव-गाव पानाच्या तळाशी असे. आज ते नाव-गाव वाचकानेच शोधावयाचे आहे. घरातील शिकलेल्या मुलांनी एवढे कष्ट आईवडिलांसाठी घेतले, तर त्यांच्या शिक्षणाचे चीज झाले असे आम्ही म्हणू.