धर्म कोणता? ‘इतर’!

नवा जॉब, नवा फॉर्म. नाव, ब्लड ग्रुप, धर्म... आपण एका सेकंदात टिक करतो आणि पुढे जातो. पण सडक अर्जुनीहून शहरात आलेला तुमचा एखादा गोंड कलीग नेमका तिथेच अडू शकतो.

त्याच्या घरी प्रश्न वेगळा असतो. ‘तुम्ही किती देवांचे?’ चार, पाच, सहा की सात? सोयरीक त्यावरच ठरते. देवांची संख्या सारखी म्हणजे भाऊबंद, तिथे लग्न नाही. त्याच्याच गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. पारी कुपार लिंगोचं, जंगो रायताडचं नाव घेत दूरदूरचे गोंड तिथे येतात. या श्रद्धेला अनेकजण ‘कोया पुनेम’ म्हणतात.

2011 च्या जनगणनेत मात्र कोड होते फक्त सहा धर्मांना. बाकीच्यांनी नाव लिहायचं, बेरजेत ते ‘इतर’! तरी देशभरात 10 लाखांहून जास्त जणांनी गोंडी धर्म लिहिलाच. बहुसंख्य गोंडांची नोंद हिंदू अशी झाली. काहींना ती मान्य आहे, काहींना खटकते.

यात फायद्याचं गणित नाही बरं का! अनुसूचित जमातीच्या सवलती धर्म बघून मिळत नाहीत. प्रश्न एवढाच आहे, की मी कोण हे सांगायचं कुणी?

त्यामुळे ‘म्हणजे हिंदूच ना?’ असं परस्पर ठरवण्याआधी जरा थांबा. चहा घेता घेता त्यालाच विचारा, ‘तुझे देव किती रे?’